वैजंताचा उजवा हात

“डावा हात मागं!”

मी ओरडले तशा लाडूघरातल्या सात बायकांनी दचकून आपापले डावे हात पाठीमागे नेले. आठवीनं नेला नाही. तिचा डावा हात गरम बुंदीच्या परातीवर होता आणि त्या मुठीत एक लाडू तयार झालेला होता. गोल, घट्ट, कडेची एकही बुंदी सुटलेली नाही. पहिल्या दिवशी, पहिल्याच घाण्याला असा लाडू कुणाच्या हातून उतरलेला मी तोवर पाहिला नव्हता. आणि तो बाजूला काढावा लागणार होता.

“नाव काय गं तुझं?”

“वैजंता खिलारे.”

“वैजंता, आत्ता काय सांगितलं मी? प्रसादाला उजवा हात लावायचा. डावा परातीत येता कामा नये.”

“व्हय बाई. ध्यान न्हाई ऱ्हायलं.”

तिनं तो लाडू परातीबाहेर ठेवला, डावा हात पदराच्या टोकात गुंडाळून पाठीमागे नेला आणि उजव्या हातानं बुंदीची मूठ भरली. दाबली, फिरवली. मूठ उघडली तर आत नुसता चुरा. शेजारची नलू ताटे फिसकन हसली. मी नलूकडे एकदा पाहिलं आणि ती गप्प झाली. माझ्या पाहण्याला तेव्हा बराच भाव होता.

ही गोष्ट कुठल्या देवीच्या गडावरची ते सांगत नाही. सांगितलं तर लोक प्रसादाचा लाडू उजेडात धरून तो डाव्या हाताचा की उजव्या हाताचा ते तपासत बसतील. आमची माणसं तेवढी उत्साही आहेत. झाली त्याला वीस-बावीस वर्षं. आता तिथं यंत्र बसलंय, आणि यंत्राला डावं-उजवं काही नसतं. तेव्हा मात्र देवीचा लाडू हातानं वळत असत, तोही एकाच हातानं. उजव्या मुठीत बुंदी घ्यायची, बोटांनी दाबायची, अंगठ्यानं फिरवत गोल करायची आणि ताटात ठेवायची. डावा हात पाठीमागे. दर्शनाची रांग लाडूघराच्या जाळीवरून पुढं सरकायची आणि रांगेतल्या प्रत्येकाला आतलं सगळं दिसायचं.

मी इंदुमती काशीद. आधी बरीच वर्षं तिथं पाटावर बसून लाडू वळले, मग देवस्थाननं मला नव्या बायकांना शिकवायला नेमलं. बसायला खुर्ची मिळाली. गावात मला ‘लाडवाची मास्तरीण’ म्हणत, आणि मला ते आवडायचं. दर भाद्रपदात नव्या आठ बायका यायच्या आणि महिनाभर माझ्या हाताखाली शिकायच्या. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी लाडूघराचे मुख्य आबा गुरव एकेकीचं ताट बघायचे. आबा हो म्हणाले की त्या बाईला बारा महिन्यांचं काम. नाही म्हणाले की ती घरी. माझ्या हाताखालची बाई आबांनी कधी घरी पाठवली नव्हती, आणि याचा मला थोडाथोडका नाही, चांगलाच गर्व होता.

त्या दिवशी काम सुटल्यावर वैजंता नळावर हात धूत होती. मी मुद्दामच जवळ गेले.

“डावरी आहेस का गं?”

“व्हय.”

“जेवतेस कुठल्या हातानं?”

“उजव्या. आयनं उलथनं तापवून शिकवलं त्ये.” दुसऱ्याच कुणाची तरी गंमत सांगावी तशी ती हसली. “बाकी समदं डाव्यानं. कोयतासुदिक.”

“ऊसतोडीला जातेस?”

“लगीन झाल्यापासनं. मी आन् मालक. दसरा झाला की टोळीचा ट्रक येतोय, मग पाडव्यापतुर तिकडंच.” तिनं हात पदराला पुसले. “पोरगी सातवीत हाय, बाई. हुशार हाय. पर दर साली निम्मी शाळा फडावर जाती. हितं काम गावलं तर म्या आन् ती घरी ऱ्हाऊ, मालक एकटं जातील. न्हाई गावलं तर दसऱ्याला तीबी ट्रकात.”

मी गळता नळ घट्ट केला. तीच पुढं म्हणाली, “उजव्यानं शिकते की बाई. त्यात काय!”

मलाही वाटलं, त्यात काय. नव्या बायकांना धीर द्यायला मी म्हणत असे, लाडू वळणं म्हणजे डाव्या हातचा मळ. त्या वर्षी ते वाक्य मी तोंडातच ठेवलं.

भाद्रपद निम्मा सरला. सात जणींचे हात बसले. नलूसारखी नलू, जिचं अर्धं लक्ष परातीत आणि अर्धं जाळीबाहेरच्या साड्यांत असायचं, तीही गोल लाडू काढायला लागली. वैजंताचं काही केल्या जमेना. तिच्या उजव्या हातात जोर होता, पण तो नको तिथं लागायचा. एक लाडू दगडासारखा तर दुसरा ताटात ठेवता ठेवता उकलायचा. आणि बुंदीला थांबायला वेळ नसतो. पाक कोमट आहे तोवर ती वळते, गार झाली की कुणाच्या बापाला वळत नाही. बाकीच्यांची ताटं भरायची तेव्हा वैजंताच्या परातीत थंडगार बुंदी उरलेली असायची.

मी समोर खुर्ची ओढायची, वाकून दाखवायची, “हे बघ, अशी मूठ, असा अंगठा.” ती डोळ्यांत प्राण आणून बघायची. मग तिची उजवी मूठ उठायची, आणि त्याच वेळी पदरातला डावा हातही हलायचा. “डावा मागं!” मी म्हणायची. पुन्हा दाखवायची, आणि दर वेळी आवाज थोडा चढवायची, जशी काही तिला ऐकू कमी येत होतं.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत माझी चष्म्याची डबी लाडूघरात राहिली म्हणून मी परत गेले. आत वैजंता एकटीच बसली होती. तिच्यापुढं सरावाची बुंदी होती. मोडकी, करपलेली बुंदी आम्ही सरावाला वापरत असू आणि संध्याकाळी ती गोठ्यात जायची. जाळीची फळी तिनं लावून घेतली होती, आणि ती डाव्या हातानं लाडू वळत होती. मूठ भरायची, दोन दाब, एक फेर, की लाडू बाहेर. मी वळायची तेव्हाही माझा हात इतका सरसर चालला असेल असं मला वाटत नाही. लाडू झाला की ती त्याच्याकडं जरा बघायची, मग तो परातीत ठेवून हलक्या हातानं मोडायची आणि पुढचा घ्यायची.

ती वळत होती आणि मोडत होती. मी दारातूनच मागं फिरले. डबी तिथंच राहिली. मला इतका राग आला होता की जिन्यात भेटलेल्या पुजाऱ्याला मी नमस्कारही केला नाही. राग कुणाचा ते मात्र कळत नव्हतं.

घटस्थापना चार दिवसांवर आली, तेव्हा सकाळी मी सगळ्यांपुढं सरावाची बुंदी वाढली आणि म्हटलं, “आज उजवा हात मागं. डाव्यानं वळा.”

“अगं बया!” नलू म्हणाली. “बाईंना ऊन लागलं.”

“वळ मुकाट्यानं.”

पाचच मिनिटांत लाडूघराचा तमाशा झाला. कुणाच्या मुठीतून बुंदी शेजारणीच्या मांडीवर उडत होती, कुणाचा अंगठा कुठं जायचं ते विसरला होता. “बाई, ह्यो लाडू न्हाई, भजं झालं,” म्हणून नलूनं आपली कलाकृती सगळ्यांना दाखवली आणि हसता हसता ती पाटावर आडवी झाली. हसत नव्हती ती फक्त वैजंता. ती मान खाली घालून बसली होती. मीही एक मूठ डाव्या हातात घेतली. इतकी वर्षं लाडवात घालवलेला माझा देह, आणि डावा हात असा वागला जणू त्याची माझी ओळखच नाही.

तेवढ्यात दारात आबा उभे राहिले. सोवळं नेसलेले, कपाळावर भंडारा, हातात झारा.

“इंदू! हे काय मांडलंयस?”

बायकांचे चेहरे उतरले. मी म्हटलं, “सरावाची बुंदी आहे आबा, प्रसादाची नाही. बसा ना जरा. एक लाडू वळून दाखवा. डाव्या हातानं.”

“खुळी झालीस का?”

“एकच.”

आबा गुरव म्हणजे गडावरचा शेवटचा शब्द, पण माणूस खेळकर. त्यांनी झारा भिंतीला टेकवला, पाटावर बसले आणि डावी मूठ भरली. उघडली, चुरा. ते हसले. दुसरी भरली, जरा जोर लावला. अर्धा लाडू आणि अर्धा चुरा. आता ते हसले नाहीत. तिसऱ्या खेपेला बटाट्यासारखं काहीतरी झालं, ते त्यांनी तळहातावर धरलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिले.

“ही खिलाऱ्यांची सून महिनाभर हेच करतीय का?”

“महिनाभर.”

“आणि तिचा डावा चांगला आहे?”

“माझ्या उजव्यापेक्षा.”

आबा उठले, हात धुऊन आले. मला बाजूला नेऊन म्हणाले, “देवीला काही डावं-उजवं नसतं गं. रांगेला असतं. एकानं जाळीतून पाहिलं की गडाखाली पोचेपर्यंत शंभर जण बोलतात. तिला आतल्या कोपऱ्यात बसव, जाळीतून दिसणार नाही अशी. वळू दे डाव्यानं. कचेरीत पाटणकरांना मी सांगतो.” जरा थांबून म्हणाले, “देवीलाही मीच सांगतो.”

मी अशी हरखले की विचारू नका. इतक्या वर्षांचा नियम मी एका सकाळीत वाकवला होता. वैजंता नळावर परात घासत होती, तिला गाठून मी एका दमात सगळं सांगितलं. आता ती रडेल, पाया पडेल, मी तिला उठवेन, एवढं सगळं माझ्या मनात मांडून झालं होतं.

ती परात घासतच राहिली.

“बाई, तुमी मला इचारलं न्हाई.”

“अगं, विचारायचं काय त्यात? तुझ्याचसाठी केलं ना?”

“मला डाव्यानं लाडू वळायचा न्हाई.”

“डोकं फिरलंय का तुझं? चार दिवस राहिलेत!”

तिनं परात पालथी घातली आणि माझ्याकडं वळली. “आज तुमी हाय, आबा हाईत. उद्या भर नवरात्रात कुणाचं पोट दुखलं, कोण रांगेत चक्कर यून पडलं, तर नाव कुणाचं निघंल? ‘ती कोपऱ्यात लपवून बसवलेली डावरी हाय न्हवं, तिचा लाडू खाल्ला आसंल.’ ह्ये माझ्या पोरीच्या शाळंपतुर जाईल, बाई. फडात मी कदी लपून कोयता चालवला न्हाई. हितं देवीच्या दारात लपू?”

खरं तर मला तिचा रागच आला होता. एवढं करून आणलेलं ताट तिनं मला परत केलं होतं.

“मग तुला हवंय तरी काय?”

हा प्रश्न महिनाभरात मी तिला पहिल्यांदा विचारत होते, आणि तोही चिडून. तिनं मात्र त्याच्यावर नीट विचार केला.

“वेळ पायजे. उजवा शिकंल, पर चार दिसांत न्हाई. आन्…” ती घुटमळली. “रागावू नका, पर तुमी समोरनं उठा.”

“म्हणजे?”

तिनं माझ्यापुढं उभं राहून दोन्ही हात उचलले. “तुमी समोर बसून उजवा हात हलवता. त्यो माझ्या डाव्या अंगाला दिसतोय. तुमी मूठ वळली की माझा डावाच उठतो. त्याला वाटतं त्यालाच सांगताय. बाकीच्यांचा डावा गपगार असतो, माझा न्हाई ऱ्हात. शेजारी बसा, माझ्या डाव्या अंगाला. दोगींची तोंडं एकीकडं. म्हंजी तुमचा उजवा हात माझ्याजवळ यील.”

“आणि डाव्या हाताचं काय करायचं?”

“त्याचं काय? कोयत्याला डावा, लाडवाला उजवा. दोनी माझंच हात.”

मी तशीच आबांकडं गेले. आबांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “म्हणजे देवीला सांगितलेलं मी आता परत घेऊ?” पण त्यांना वैजंताचं म्हणणं आवडलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आम्ही दोघं व्यवस्थापक पाटणकरांच्या खोलीत गेलो.

पाटणकर माणूस वाईट नव्हता, पण नवरात्र तोंडावर आलं की त्याला माणसं दिसायची नाहीत, पाट दिसायचे. “काशीदबाई, ऐन गर्दीत एक पाट रिकामा ठेवू? तिच्या जागी दुसरी आणा.”

“रिकामा कशाला? मी बसते तिच्या पाटावर, तिच्याबरोबर. बायका दोन, ताट एक. ताट भरून मिळेल.”

“तुम्ही? खुर्ची सोडून पाटावर? बाकीच्या बायका काय म्हणतील?”

“त्यांना म्हणायचं ते त्या तशाही म्हणतात.”

पाटणकरांनी आबांकडं पाहिलं. आबा म्हणाले, “नवमीपर्यंत. खंडेनवमीला मी हिचं ताट बघेन. तेव्हा हो म्हटलं तर हो, नाही तर दसऱ्याला तिचा रस्ता तिला मोकळा.”

घटस्थापनेला पहाटे मी पाटावर बसले. गुडघे कुरकुरले, आणि मीही. लाडूघरात कुजबूज झालीच. नलू म्हणाली, “यंदा मास्तरीणच नापास झाली गं!” त्यावर सगळ्या हसल्या, वैजंतासुद्धा. पण खरं झोंबलं ते रांगेतलं. आमच्या आळीतली एक बाई जाळीला नाक लावून केवढ्यांदा तरी म्हणाली, “अगंबाई, काशीदवहिनींना खाली बसवलं वाटतं! काय चुकलं म्हणायचं?” मी मान वर केली नाही. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वैजंताचा, तिच्या ट्रकाचा आणि तिच्या शाळेतल्या पोरीचा, सगळ्यांचा एकदम वीट आला होता.

पण घाणा उतरला होता आणि बुंदी वाट बघत नाही. मी वळायला लागले. शेजारी तीही.

पहिले दोन दिवस ताट मीच भरलं असं म्हटलं तरी चालेल. दुपारी परात रिकामी झाली की आम्ही सरावाची बुंदी घेऊन मागच्या पडवीत जात असू. तिथं तिनं मला विचारलं, “बाई, तुमच्या मुठीवर हात ठिवू का? डावा?”

“तो कशाला?”

“त्याला कळतंय. त्याला कळलं की त्यो उजव्याला सांगंल.”

तिनं आपला डावा तळवा माझ्या उजव्या मुठीवर अलगद ठेवला आणि डोळे मिटले. मी लाडू वळला. “आनी एक,” ती म्हणाली. मी आणखी एक वळला. असे कितीतरी. मग एकदम म्हणाली, “तुमी शेवटाला करंगळी सोडता.”

“मी? छे!”

“सोडता. शेवटच्या फेराला. बाकीची बोटं धरून, करंगळी ढिली. तितनं हवा जाती आसंल. म्या घट्ट धरून ठिवते, म्हणून माझा फुटतो.”

मी एक लाडू वळला आणि स्वतःच्या करंगळीकडं पाहिलं. ती सुटली. इतक्या बायकांना मी मूठ शिकवली, अंगठा शिकवला. करंगळीबद्दल मी एकीलाही कधी बोलले नव्हते, कारण ती काय करते ते मलाच ठाऊक नव्हतं. मला हसू यायला लागलं आणि थांबेना. वैजंताही हसायला लागली. पडवीत खांबाला टेकून आम्ही दोघी खुळ्यासारख्या हसत बसलो होतो.

त्यानंतर गाडी रुळावर आली, पण रोज एकाच वेगानं धावली असं नाही. पाचव्या माळेला पोरीला ताप होता म्हणून ती तळमळत आली आणि दिवसभर चुरा करत बसली. ललितापंचमीची गर्दी ओसरली तशी पुन्हा सुधारली. डावा हात मध्येच उसळायचा, मग ती पदर आणखी आवळायची आणि त्याला दटावायची, “गप ऱ्हा. तुजी पाळी न्हाई.” अष्टमीला आमच्या ताटातले निम्मे लाडू तिचे होते. त्यातले काही वाकडे होते, पण फुटलेला एकही नव्हता. मला आशा वाटायला लागली, आणि आशा वाटायला लागली तशी भीतीही.

खंडेनवमीला गड चढताना खाली वडाशी टोळीचे दोन ट्रक येऊन लागलेले दिसले. वैजंता पुढं चालली होती. तिनं तिकडं पाहिलं आणि पायऱ्या चढत राहिली.

पाटावर बसल्यावर मी बाही सरसावली. ती म्हणाली, “बाई, आज तुमी नुसतं बसा.”

“नुसतं म्हणजे?”

“हात लावू नका. शेजारी बसा तेवढं.”

“आणि ताट? आज नवमी आहे, वैजंता. गर्दी बघितलीस का? ताट भरलं नाही तर?”

“न्हाई भरलं तर तसं दिसू द्या आबास्नी. तुमच्या लाडवांत माझं लाडू लपवू नका.”

आयुष्यात मी पुष्कळ कष्ट केले. पहाटे उठून पाणी भरलं, गरम पाकानं हात भाजून घेतले. पण दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसतं बसणं, यासारखं अवघड काम मी दुसरं केलेलं नाही. पहिला घाणा उतरला. तिची मूठ भरली. पहिला लाडू जरा लांबोडा झाला, तिनं तो मोडून परत वळला. दुसरा फुटला. माझी बोटं मांडीवर आपोआप मिटत होती, उघडत होती. ‘करंगळी’ असं माझ्या ओठांवर आलं आणि मी दात आवळून घेतले. तिसरा उतरला. चौथा उतरला. सुरुवातीला प्रत्येक लाडवानंतर ती डोळ्यांच्या कडेतून माझ्याकडं बघायची. मग दोन-चार लाडवांनंतर एकदा बघायला लागली. पुढं दुसरा घाणा आला, रांगेतला गोंगाट वाढला, नलू कुणाशी तरी भांडत होती, आणि केव्हातरी माझ्या लक्षात आलं की वैजंतानं बराच वेळ माझ्याकडं पाहिलेलंच नाही. तिचा डावा हात पदरात शांत पडला होता.

मला तेव्हा रडू आलं. रांगेतल्यांना वाटलं असेल, बाईला पाकाची वाफ लागली.

दुपारच्या आरतीआधी आबा आले. सकाळपासून उभे असल्यानं दमलेले, आवाज बसलेला. आमच्या ताटापुढं वाकले, वरचा एक लाडू उचलला, बोटांत फिरवून बघितला, जरासा दाबला. खालच्या थरातला आणखी एक काढून बघितला. मग माझ्याकडं बघून कौतुकानं म्हणाले, “इंदू, हात अजून तसाच आहे हं तुझा! मला वाटलं, खुर्चीत बसून गंजला असेल. बरं, आता हिचं ताट कुठंय ते दाखव.”

“आबा, ताट एकच आहे.”

“ते दिसतंय. यातले तुझे कुठले?”

“माझे हात सकाळपासून मांडीवर आहेत.”

आबांनी माझ्या मांडीकडं पाहिलं. कोरडे, स्वच्छ हात, तुपाचा एक डागही नाही. मग त्यांनी वैजंताच्या उजव्या मुठीकडं पाहिलं. ती मूठ फिरत होती, शेवटच्या फेराला करंगळी सुटत होती. आबांनी हातातला लाडू परत ताटात ठेवला, देवीपुढं फूल ठेवावं तसा जपून.

“पाटणकरांना सांगतो,” ते म्हणाले. “हिचं नाव कामावर घाला म्हणून.”

ते गेले. मी वैजंताकडं वळले. काय काय बोलायचं होतं मला! पोरीचं, शाळेचं, खाली उभ्या असलेल्या ट्रकांचं. पण नवा घाणा आत्ताच परातीत पडला होता, त्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती, आणि तिला त्याशिवाय काही दिसत नव्हतं.

“बाई,” ती परातीवरची नजर न काढता म्हणाली, “जरा सरकता का? दुसरं ताट लावायचंय.”

मी गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिला जागा करून दिली.